अनिताचा हात बसला त्याची गोष्ट

अनिता बारावीला होती तेव्हाचं. रोह्याजवळ कुंडलिका नदीच्या काठाला त्यांचं घर. वालाच्या शेंगा वाळून घरात आल्या होत्या आणि ती पडवीत सूप पुढ्यात घेऊन शेंगा फोडत बसली होती. आत माजघरात तिचा बाप पोपट आणि चुलता केरू यांचं वाजलं. वाद तिच्यावरूनच होता, पण तिला आत कोणी बोलावलं नाही. तिनंही फोडायचा हात हळू केला, म्हणजे नीट ऐकू येईल.

केरूकाकाचं म्हणणं, पोरीला शिकवायचंच तर मास्तरीण करा. नर्स कशाला? रातपाळ्या करायच्या, परक्यांची घाण काढायची, आणि तीन वर्षं डोकं फोडून शेवटी काय, तर डॉक्टरच्या मागं ट्रे धरून उभी राहायचं. पोपट बोलण्यात कच्चा. केरूची दहा वाक्यं झाली की त्याचं एक यायचं, तेही तेच. "तिला पाह्यजे," एवढंच.

शेवटी आजी उठली, हौसाबाई. ती केरूला म्हणाली, "म्हशीनं तुझी मांडी फाडली तेव्हा ओढणी दाबून कोण बसलं व्हतं रं? तू डोळे मिटून पडलेला, आणि हा पोपट भिंतीकडं तोंड करून उभा. घरात रगताकडं बघणारं एकच माणूस हाय. तिला जाऊ दे."

मांडीचा विषय निघाला तसा केरू उठून गोठ्याकडं गेला.  अनिता नर्सिंगच्या कॉलेजात गेली. पण ते ट्रे धरून उभं राहायचं बोलणं तिच्या मनात खड्यासारखं राहून गेलं. वाल निवडून झाला तरी दाताखाली एक खडा येतोच, तसं.

कॉलेजात शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या. शरीराच्या आत काय काय असतं ते अनिताला घडाघडा पाठ झालं. फक्त पोरी पन्नास आणि खाटा थोड्या. एका म्हाताऱ्याला ताप बघायला सात-सात जणी. तो बिचारा म्हणायचा, एकीनं बघा आणि बाकीच्यांना सांगा. सुई टोचायला शिकायचा एक रबरी हात होता. आधीच्या पोरींनी त्याला इतकं टोचलं होतं की कुठंही टोचलं तरी सुई आपोआप जुन्या भोकात जायची. अनिताला वाटलं, आपल्याला येतंय.

तीन वर्षं झाली, परीक्षा झाली, मुंबईच्या नर्सिंग कौन्सिलात नाव लागलं. नंबर असलेला कागद घरी आला तेव्हा हौसाबाईनं त्याला हळदकुंकू लावलं आणि कोपरा पिवळा करून ठेवला. मग अनिता पनवेलच्या बाजूला एका मोठ्या हॉस्पिटलात मुलाखतीला गेली. तिथल्या मॅडमनी कागद बघितला, पिवळा कोपराही बघितला, आणि विचारलं, तुम्ही स्वतःच्या हातानं किती जणांना सलाईन लावलंय? अनिता खोटं बोलणारी नाही. दोघांना, म्हणाली. मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचं चांगलं. म्हणाल्या, वर्षभर कुठं तरी काम कर आणि ये. आणखी दोन ठिकाणी असंच झालं. अनुभव असेल तर काम, आणि काम केलं असेल तर अनुभव. आधी कुठून आत शिरायचं ते कोणी सांगेना.

शेवटी पेणला डॉक्टर वृंदाबाईंच्या दवाखान्यात जागा मिळाली. बारा खाटांचा दवाखाना. रोह्याहून सकाळची गाडी धरायची, संध्याकाळी परत.

तिथं धोंडुबाई होत्या. खाडीकडच्या गावच्या, साठीच्या घरातल्या, दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं. लादी पुसायला म्हणून आल्या आणि बघून बघून सगळं शिकल्या. शाळा म्हणाल तर दुसरी. पण हात असा की ज्याची शीर डॉक्टरांना सापडेना, त्याची धोंडुबाईंना सापडायची. लहान पोर रडायला तोंड उघडेपर्यंत सुई आत. पेशंट त्यांना सिस्टर म्हणायचे, दवाखान्याच्या कागदावर त्या आया होत्या.

तर त्या दवाखान्याची रीत अशी होती: सुई धोंडुबाई लावणार आणि पेशंटच्या कागदावर सही कागदवालीची. आधीच्या नर्सनंही तेच केलं होतं. पहिल्याच दिवशी धोंडुबाईंनी अनिताला समजावलं, तुजा कागद भारी, माजा हात भारी, दोघींचा मिलून झ्याक चालंल. अनिताला बरंच वाटलं. ती शेजारी ट्रे धरून उभी राहायची आणि मग सही करायची. चार महिने गेले. सह्या पाचशेच्या वर झाल्या असतील, आणि स्वतः लावलेल्या सुया बोटावर मोजण्याइतक्या. एक दिवस ट्रे हातात असताना तिला केरूकाका आठवला.

मग तिनं जे केलं ते कोणाचं वाईट करायचं म्हणून नाही केलं. कॉलेजात बाईंनी शिकवलं होतं, काम ज्यानं केलं त्याचंच नाव लिहायचं. अनिताला वाटलं, मावशींचं एवढं काम, आणि नाव कुठंच नाही. त्या आठवड्यात तिनं प्रत्येक कागदावर सुंदर अक्षरात लिहिलं, सलाईन लावलं, धोंडुबाई. वर धोंडुबाईंना दाखवलंसुद्धा. धोंडुबाईंना आपलं नाव तेवढं वाचता यायचं. त्यांनी नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, अक्षर ब्येस हाय गो तुजा.

शनिवारी वृंदाबाईंनी कागद चाळले आणि पुन्हा पहिल्यापासून एकेक वाचले. दवाखान्यांची सरकारी तपासणी जवळ आली होती. त्यांनी दोघींना बोलावलं. रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट. धोंडुबाईंना म्हणाल्या, मावशी, आजपासून सुईला हात लावायचा नाही. धोंडुबाईंनी मान हलवली, बाहेर जाऊन बादली भरली आणि लादी पुसायला लागल्या. अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा जिथून सुरुवात केली तिथंच.

अनिता वृंदाबाईंपुढं रडली. चूक माझी, मावशींना का शिक्षा, म्हणाली. वृंदाबाई म्हणाल्या, "शिक्षा नाही ग. तिचा हात मला तुझ्याहून जास्त माहीत आहे, माझ्या मुलालाही तिनंच सुई लावली होती. पण उद्या कोणाला काही झालं तर हात कोणी बघणार नाही, कागद बघतील. आणि कागद तुझा आहे. आता काम तुलाच करावं लागेल."

काम करायचं म्हणजे काय, ते अनिताला दुसऱ्या दिवशीपासून कळलं. एकदा टोचून शीर मिळायची नाही. दुसऱ्यांदा मिळायची आणि फुगायची. माणसं हात मागं घ्यायची, ती लादी पुसणारी सिस्टर कुठंय विचारायची. धोंडुबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. अनिताशी त्या बोलायच्या, नाही असं नाही. पाय उचल, बादली सरकव, एवढंच. पूर्वी दुपारी सुक्या बोंबलाची चटणी निम्मी तिच्या डब्यात यायची, ती बंद झाली. रोह्याच्या गाडीत अनिता खिडकीशी बसून स्वतःच्याच हाताच्या शिरा बघायची. घरी सांगायची सोय नव्हती. केरूकाकाचं बोलणं खरं झालं असतं तर एक वेळ बरं, इथं तर तिच्यानं ट्रेसुद्धा सरळ धरवत नव्हता. नोकरी सोडावी असं तिनं ठरवलं. कागद कपाटात ठेवायचा, पिवळ्या कोपऱ्यासकट.

सोडते म्हणून सांगायच्याच दिवशी जिते गावची चंद्रावती आली. सत्तरीची म्हातारी, दोन दिवस जुलाब आणि उलट्या. तोंड सुकलेलं, डोळे खोल गेलेले, हात गार. मुलगा कमळाकर तिला रिक्षातून उचलून घेऊन आला. वृंदाबाई आत ऑपरेशनमध्ये, बाळंतीण टेबलावर. आतूनच ओरडून त्यांनी सांगितलं, सलाईन लगेच लाव, मी येईपर्यंत थांबू नकोस.

अनितानं डावा हात बघितला. शीर नाहीच. टोचलं, गेलं नाही. उजव्या हाताला टोचलं, तेही फुकट. म्हातारीनं हूं की चूं केलं नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. कमळाकर म्हणाला, "बाई, तुम्ही नको. त्या मावशींना बोलवा." मावशी तिथंच होत्या, पोछा हातात घेऊन. अनितानं सुई त्यांच्यापुढं धरली. खरंच धरली. धोंडुबाईंनी सुईकडं बघितलं, आतल्या दाराकडं बघितलं, आणि हात पाठीमागं नेले.

मग पोछा भिंतीला लावून त्या स्टुलावर बसल्या.

"तुमी वाल लावता ना गो घरी?" त्यांनी विचारलं.

अशा वेळी हे काय विचारतात, असं अनिताला झालं. व्हय, म्हणाली.

"शेंग भरली का नाय, कसा बघतंस? फोडून?"

"नाय. दाबून."

"मंग दाब. डोल्यान नको बघू, बोटान बघ. डोले मीट."

अनितानं डोळे मिटले. म्हातारीच्या कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं आणि हळूच दाबलं. चपट. जरा बाजूला, चपट. पोचट शेंग बोटाखाली तशीच दबून राहते. मळ्यात दव असताना, नीट उजाडलं नसताना तिनं असल्या किती शेंगा बोटानं सोडून दिल्या होत्या. आणखी अर्धं बोट खाली गेली, तिथं दाबलं, आणि काहीतरी आतून परत वर आलं. बारीक, पण भरलेलं. डोळे उघडून बघितलं तर बाहेरून दिसत काहीच नव्हतं.

"हितं," अनिता म्हणाली.

"मना कशाला सांगतंस?" धोंडुबाई म्हणाल्या. "जा."

सुई गेली. नळीत रक्ताचा ठिपका आला. बाटलीतलं पाणी टपटपायला लागलं, आणि धोंडुबाईंनी उठून स्टूल तिच्याकडं सरकवलं आणि आपण पोछा घेतला. कमळाकर बाहेर जाऊन कठड्याला धरून उभा राहिला. तासाभरानं म्हातारीनं डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर रिक्षावाल्यानं किती घेतले. तेव्हा सगळ्यांना खात्री पटली.

नोकरी सोडायचं त्या दिवशी राहिलंच. दुसऱ्या दिवशी अनितानं वृंदाबाईंना विचारलं, मावशींनी सुईला हात लावायचा नाही, बरोबर. पण पेशंटच्या हाताला बोट लावायला बंदी आहे का? वृंदाबाई चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, बोट लावायला कशाची बंदी?

तेव्हापासून तसं सुरू झालं. अनिता आधी डोळे मिटून शीर शोधायची, मग धोंडुबाई बोट लावून बघायच्या. चूक असेल तर नुसतं नाक मुरडायच्या. बरोबर असेल तर काहीच म्हणायच्या नाहीत. हळूहळू त्या काहीच न म्हणायला लागल्या. तपासणीचे लोक आले, चहा पिऊन गेले. कागदावर अनिताची सही होती आणि कामही अनिताचंच होतं. धोंडुबाईंना सुई परत मिळाली नाही, आणि ते त्यांना लागायचंच. कधी तरी एखादं पोर आत रडायला लागलं की पोछा मारताना त्यांचा उजवा हात आपोआप थांबायचा. अनिताला ते दिसायचं.  बोलून ते बरं होणारं नव्हतंच. बोंबलाची चटणी मात्र एक दिवस न बोलता परत डब्यात आली. अनितानं ती बोटानं पुसून खाल्ली.

वर्ष भरलं. नर्सिंगचं पुढचं दोन वर्षांचं शिक्षण घ्यायचं तर प्रवेशाची परीक्षा होती. गाडीत पुस्तक मांडीवर घेऊन तिनं अभ्यास केला, बऱ्याचदा कासू स्टेशन आल्यावर झोपली, पण पास झाली. मुलाखतीत पुन्हा तोच प्रश्न आला, स्वतःच्या हातानं किती? मोजलं नाही, ती म्हणाली. समोरच्या बाईंनी तिच्या बोटांकडं बघितलं आणि पुढचं विचारलं.

पेणमधला तिचा शेवटचा दिवस गुरुवार होता. वृंदाबाईंनी अनुभवाचा दाखला दिला, पेढे झाले. निघायच्या आधी त्या म्हणाल्या, मावशींची साखर बघायची राहिलीय, सहा महिने टाळतायत, कोणाला टोचू देत नाहीत. धोंडुबाई दुसऱ्याला टोचण्यात जेवढ्या शूर तेवढ्या स्वतःच्या बाबतीत भित्र्या, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी त्या आपणहून येऊन स्टुलावर बसल्या. लुगड्याचा पदर सावरला, हात पुढं केला आणि तोंड भिंतीकडं केलं. अनितानं डोळे मिटले. धोंडुबाईंची शीर बारीक, म्हाताऱ्या बाईची, बोटाखालून सरकणारी. तिनं ती धरून ठेवली.

"कवा टोचनार हाईस?" धोंडुबाईंनी भिंतीला विचारलं.

"झालं, मावशी."

धोंडुबाईंनी वळून बघितलं. नळी भरत होती. त्या काहीच म्हणाल्या नाहीत.

अनितानं कापूस दाबून दिला, नळीवर नाव आणि वेळ लिहिली, दिवसभरातल्या बाकीच्या नळ्यांबरोबर ती लॅबच्या डब्यात उभी केली. चपला घातल्या, रस्ता ओलांडला आणि समोरच्या लॅबच्या खिडकीत डबा ठेवला. आतल्या मितेशनं नळ्या मोजल्या, पाच, आणि वही पुढं सरकवली. तिनं सही केली, रिपोर्ट उद्या दवाखान्यात द्यायला सांगितलं, आणि पाच चाळीसच्या गाडीला अजून वेळ होता म्हणून रिकामा डबा परत नेऊन धुऊन पालथा घातला.