मूळ आवाजाचं बटण

आमच्या कचेरीत मी अ‍ॅपमधली मराठी लिहितो. बटणांवरची, सूचनांमधली, आणि काही बिघडलं की दाखवायच्या दिलगिरीची. अ‍ॅपचं काम साधं आहे. फोनसमोर बोलायचं, ते ऐकतं आणि महत्त्वाचं तेवढं टिपून चार ओळींची नोंद देतं. महत्त्वाचं काय, हे तेच ठरवतं. कचेरी लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात आहे. गिरणीचं फारसं काही उरलेलं नाही, पण मीटिंगच्या खोल्यांना तिथल्या खात्यांची नावं दिली आहेत. ‘साचेखात्यात भेटू’ असं मुलं एकमेकांना सांगतात आणि आत जाऊन बीनबॅगवर लोळतात.

अ‍ॅपला नुकतीच मराठी येऊ लागली होती तेव्हा चाचणीसाठी कुणाचं तरी लांबलचक, घरगुती बोलणं हवं होतं. एका रविवारी दादरच्या घरी बायको आणि मी वाल सोलत बसलो होतो. मी फोन नारळाच्या करवंटीला टेकवून ठेवला आणि तिला बिरड्याची कृती सांगायला सांगितली. तिने सांगितली. मध्येच माझी आत्या, वरच्या मजल्यावरची गळती आणि मी वाल कसे चिरडतो, हेही सांगितलं. अ‍ॅपने नोंद दिली: ‘विषय: वालाचं बिरडं. साहित्य. कृती. पुढील काम: कोकम आणणे.’

तिने चष्मा लावून वाचलं. “एवढंच? आणि तुझ्या आत्याबद्दल मी इतकं बोलले ते?”

“त्याला ते महत्त्वाचं वाटलं नाही.”

“तुमच्याच घराण्यातलं दिसतंय.”

नोंदीच्या खाली एक बारीक बटण होतं, ‘मूळ आवाज’. ते दाबलं की सगळं बोलणं जसंच्या तसं ऐकू येई. ती गेल्यावर मी रोज सकाळी चहा ओतला की ते दाबत असे. रेकॉर्डिंग अ‍ॅपच्या बाहेर काढायची सोय नव्हती. आमच्याकडच्या बऱ्याच गोष्टींसारखी ती ‘पुढच्या टप्प्यात’ होती. इंजिनियर मुलांपैकी कुणीही मला फाइल काढून दिली असती. पण कशाला हवी, ते सांगावं लागलं असतं.

तिला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा अ‍ॅपचं रूप बदलायचं ठरलं. सगळ्यांच्या मते पडद्यावर गर्दी झाली होती. आमचा प्रमुख हुशार मुलगा आहे, वयाने माझ्या भाच्याएवढा. त्याने भिंतीवर आलेख लावला. कोणतं बटण किती लोक दाबतात, ते त्यात दिसत होतं. ‘मूळ आवाज’ची रेघ जमिनीला चिकटलेली होती.

“हे कोणी वापरतच नाही,” तो म्हणाला. “म्हणजे, एक जण वापरतो. रोज सकाळी. तेच एक रेकॉर्डिंग.”

“बॉट असेल, एखादा प्रोग्राम,” कुणीतरी म्हणालं.

“बॉट नाही रे.” ही डिझायनर, गिरगावची मुलगी. “बॉट वेळेवर येतो. हा रविवारी उशिरा उठतो.”

“मग कोर्टाची केस असेल. बायकोविरुद्ध पुरावा जमवतोय.”

सगळे हसले. आमच्याकडे वापरणाऱ्याचं नाव दिसत नाही, त्याबाबतचे नियम कडक आहेत. मी चहा पीत राहिलो.

मग रीतीप्रमाणे त्या अज्ञात माणसाचं कार्ड तयार झालं. अशी कार्डं करायची आमच्यात पद्धत आहे. माणूस कार्डावर आला की कळला, असं समजतात. चित्रात टकलू म्हातारा. वय साठच्या पुढे, यंत्रावर विश्वास नाही, जुन्या सवयी सुटत नाहीत. गरज: धीर देणे. मला अजून साठावं लागलेलं नाही आणि केसही शाबूत आहेत.

“नोंद मिळाल्यावर मूळ आवाज ठेवायचाच कशाला?” प्रमुख म्हणाला. “रसवंतीत रस प्यायल्यावर कोणी चोथा मागतं का?” ठरलं. बटण काढायचं, जुनी रेकॉर्डिंगंही पुसायची. “सर, त्या काकांसाठी एक प्रेमळ ओळ लिहा ना. घाबरायला नकोत.”

मी जागेवर येऊन लिहिलं: ‘यापुढे आपला मूळ आवाज साठवला जाणार नाही. आवश्यक ते सर्व आपल्या नोंदीत आहे.’ वाक्य स्वच्छ होतं. कुणीही मंजूर केलं असतं. मी ते दोन दिवस पाठवलं नाही.

पुढच्या बैठकीत प्रमुखाने विचारलं, “लिहिलीत का सर?”

“लिहिली. पण ती ज्याला पाठवायची, तो मीच आहे.”

कुणाला काही कळलं नाही. मग डिझायनरने विचारलं, “कुणाचं रेकॉर्डिंग आहे, सर?”

“बायकोचं. वाल सोलतानाचं.”

पुराव्याचा विनोद करणारा मुलगा पाण्याची बाटली उघडू-बंद करू लागला. प्रमुखाने लॅपटॉप मिटला. तो मनाने चांगला आहे. “सॉरी सर. आजच फाइल काढून देतो,” म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत दिलीही. पण बोलता बोलता त्याचा चेहरा उजळत गेला. “सर, पण हे तर फार मोठं आहे. अशी किती घरं असतील.”

आणि बटण वाचलं. नुसतं वाचलं नाही, वर चढलं. ते पडद्याच्या मधोमध आलं, त्याला समईचं चित्र मिळालं, दाबल्यावर बासरी मिळाली. नाव ठरलं ‘आठवणींचा दरवळ’. या नावावर मी आयुष्यात प्रथमच कचेरीत आवाज चढवला, तेव्हा ‘मूळ आवाज’ परत आलं.

“समई मी काढते,” डिझायनर मला बाजूला घेऊन म्हणाली. “बासरीचं मात्र माझ्या हातात नाही. ती वरून आलीय.”

फाइलचा पेनड्राइव्ह कपाटात आहे. सकाळी मी अजून बटणच दाबतो. आधी थोडी बासरी होते. तेवढ्यात मी चहा गाळून घेतो. मग ती म्हणते, “अरे, सालं तिकडे नको टाकू, इकडे टाक.”

नव्या रूपात जुन्या नोंदीही नव्याने तयार झाल्या. माझी आता अशी आहे: ‘दोन व्यक्ती. पहिली सूचना देते. दुसरी सहमत आहे. प्रलंबित काम: कोकम आणणे.’ शेजारी एक रिकामा चौकोन आहे. त्यात खूण केली की काम यादीतून जातं. कोकम मी त्याच रविवारी संध्याकाळी आणलं होतं. खूण अजून केलेली नाही.