कोपऱ्यावरचं ठिगळ

मला मशीन शिकवली ती माझ्या मोठ्या जाऊबाईंनी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं त्या माझ्याशी एक शब्दही गोड बोललेल्या दिसणार नाहीत, आणि वाचणाऱ्याचा त्यांच्याविषयी गैरसमज झाला तर तो दोष माझा.

मी जतकडची. सातवीत शाळा सुटली. लग्न होऊन मांडवगण फराट्याला आले, तेव्हा माहेर इतकं लांब पडलं की आईला नुसता निरोप धाडायचा तरी तिकडं जाणारं माणूस शोधावं लागायचं. येताना आणला तो हातातला टाका. आमच्याकडं वाकळ म्हणतात, इथं गोधडी. जुनं लुगडं अंथरायचं, वर तुकडे कडा दुमडून मांडायचे, त्यावरच बसायचं आणि कडेपासून आत आत दोरा घालत जायचं. तुकडा आखूड पडला तर वर दुसरा. फाटलं तर ठिगळ. वाकळेत चूक अशी नसतेच.

सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, माझ्या गोधड्या चालायच्या, मी चालत नव्हते. "दुष्काळातनं आणली. भाकरीकडं बघती कशी बघा," हे माझ्या ताटासमोर बसून म्हणायच्या. जाऊबाई त्यावर हसायच्या. माझ्या गोधड्यांची चवड जाऊबाईंच्या शिलाई मशीनवर रचलेली असायची. ती मशीन त्यांच्या वडिलांनी लग्नात दिलेली. पहिल्या वर्षी त्यांनी शेजारणींचे ब्लाउज शिवले, ओट्यावर बायका जमायला लागल्या, आणि आत्याबाईंनी मशीन बंद करवली. तेव्हापासून तिचं फडताळ झालं होतं. मी एकदा नुसती धूळ पुसायला गेले तर जाऊबाई म्हणाल्या, "हात लावशील तर बोटं मोडीन."

माझे मालक दौंडला रेल्वेजवळच्या गोदामात कामाला होते, रविवारी यायचे. तिथं एक बाई शिवणकेंद्र चालवायच्या. नऊ तुकड्यांचा एक चौकोन, असे चौकोन मशीनवर जोडून चादरी करायच्या. मालकांनी माझी गोधडी त्यांना दाखवली. बाई म्हणाल्या, चार चौकोन जोडून दाखवले तर जागा देईन. जागा मिळाली की आम्ही दौंडला खोली करणार होतो. नाही मिळाली तर मी जन्मभर आत्याबाईंच्या हाताखाली.

बाजाराच्या निमित्तानं मी दौंडला गेले. केंद्रावर मला एकदा करून दाखवलं आणि मशीनवर बसवलं. हाताच्या सवयीनं मी कापड ओढलं. सुई वाकली. दुसरी मोडली. शेजारची म्हणाली, "म्हैस बांधलीय का गं पलीकडं?" कसेबसे चार चौकोन झाले, पण जोडताना कोपरे मिळेनात. एक वर, एक खाली. मला वाटलं यात काय एवढं. पिशवीतली सुई काढली आणि प्रत्येक कोपऱ्यावर छोटं गोल ठिगळ लावलं, बारीक टाक्यानं, अगदी देखणं.

बाईंनी ते सगळ्यांना उंच धरून दाखवलं. बायका पोट धरून हसल्या. "तुकडे जोडायला सांगितले होते, झाकायला नाही. पुढच्या बाजारादिवशी शेवटचं. नाही जमलं तर पुन्हा येऊ नका."

घरी जाऊबाईंनी पिशवीतून तो नमुना ओढून काढला. उलटा केला, नखानं शिवण चाचपली.

"जागा कुठं सोडलीस?"

"कसली जागा?"

"शिवणीत जाती ती! जेवढ्यास तेवढं कापलंस व्हय? तुझ्या आईनं डोसकं वापराय शिकवलंच न्हाई?"

मग त्यांनी मशीनवरची चवड उचलली आणि माझ्या अंगावर टाकली. "धर. बस खुर्चीवर."

आत्याबाई कांद्याच्या खुरपणीला गेल्या की आम्ही बसायचो. जाऊबाई मुलाची फूटपट्टी घेऊन मागं उभ्या. कापड ओढलं की बोटांवर पट्टी. "सुईखालचे दाते नेत्यात त्येला, तू कशाला वढतीस? दावं हाय का ते तुझ्या बापाचं?" चाक उलटं फिरून दोरा तुटला की पट्टी. कोपरा सुताएवढा हलला तरी एकच शब्द, "उसव." कापड उसवून उसवून मऊ पडलं. एका दुपारी मनात आलं, कात्री घ्यावी आणि हिच्या मशीनचा पट्टा कापून टाकावा.

चौकोन चारही झाले. जोडायचे राहिले होते, तेवढ्यात कुणीतरी रानात जाऊन चुगली केली. आत्याबाई मातीनं भरलेल्या पायांनी दारात उभ्या. खुर्चीवर मी होते. माझा पाय थांबला तो हलेना.

"शिंप्याचं घर हाय का हे?"

"मी चालवत हुते," जाऊबाई म्हणाल्या. "हिला नुसतं दोरा ववाय बसवलं. हिला काय येतंय?"

"तू? तुला सांगितलं हुतं ना?"

"माझ्या बापानं दिलीय."

"मंग बापाच्या उरावर ठिव. ह्या घरात न्हाई."

दुसऱ्या दिवशी मशीन टेम्पोत चढली, राहू गावाला, नणंदेच्या घरी. जाऊबाई आडव्या आल्या नाहीत. टेम्पो लागायच्या आधी त्यांनी मशीनच्या पोटातली बॉबिन केस तेवढी काढून पदराच्या गाठीत बांधली. ती नसली की खालचा दोरा येत नाही, मशीन म्हणजे नुसतं टेबल. "चालव म्हणावं आता," त्या चुलीकडं बघत म्हणाल्या. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "भोकाड पसरू नकोस. जोड तिथं जाऊन, त्यांच्यापुढं."

बाजारादिवशी मी बाईंसमोर बसले. हात कापडावर नुसते ठेवले, ओढलं नाही. शेवटचा कोपरा मशीनखालून बाहेर आला आणि बघितलं तर एका सुतानं हलला होता. बाईंनी बोट ठेवायच्या आत मी म्हणाले, "उसवते." कुणी हसलं नाही. उसवून पुन्हा घातला. मिळाला. बाईंनी कापड उलटं केलं, सुलटं केलं. "सोमवारपासून या. उशिरा आलेलं खपवून घेत नाही."

ट्रंक घेऊन निघाले तेव्हा जाऊबाई बाहेर आल्या नाहीत. आतूनच आवाज आला, "जा. आन् ठिगळं लावत बसलीस तर हितं त्वांड दाखवू नकोस."

आज माझं पोट केंद्रातल्या मशीनवर चालतं. तरी कोपरा जोडताना मागं कुणीतरी पट्टी घेऊन उभं आहे असं वाटतं, आणि नसेल तर काय, ही धास्ती जास्त वाटते. जाऊबाई, त्या दिवसानंतर घरात तुम्हाला काय काय ऐकावं लागलं असेल, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं नसतं.

जाऊबाई, एक दिवस मी तुमची मशीन राहूहून टेम्पोतून मांडवगणला परत आणीन. भर दुपारी, सगळ्या आळीच्या देखत, ओट्यावर उतरवीन. बॉबिन केस तेवढी तुमच्या गाठीतली लावू.