बाबूलाल उस्तादांनी सांगितलेलं येरमाळ्याचं काम

मी बाबूलाल उस्तादांशी खोटं बोललो. आणि आज सकाळी ते गेले.

लोहाऱ्यात, स्वतःच्या घरी. वय नव्वदीच्या पुढं.
मी इथं दुबईत, जहाजाच्या यार्डात. सुट्टी मिळाली न्हाय.

आपल्या ग्रुपमधले निम्मे त्यांच्याच शेडमध्ये वेल्डिंगचा होल्डर धरायला शिकले, म्हणून इथं लिहितोय.

मी नववी नापास. घरात टिकेना, शाळेत टिकेना. बापानं उस्तादांपुढं नेऊन उभा केला.

"किती दिवस टिकतोस?"
"बघू की."
"आधी काच धर तोंडापुढं. मग बघ."

शेडचा कायदा तुम्हाला माहीतच हाय. दोन पट्ट्या वेल्ड करायच्या. थंड झाल्या की वाईसमध्ये धरायच्या आणि आपणच घन घालून तोडायच्या. आत काळी राख अडकलेली दिसली की जोड कच्चा.
तोडून दाखवल्याशिवाय ग्राइंडरला हात लावायचा न्हाय.

"अरे पैलवान, ह्यो जोड हाय का मुंग्यांचं वारूळ?"
"उस्ताद, वरनं तर चांगला दिसतोय."
"वरनं तर तू बी चांगला दिसतोस."

सगळी शेड हसायची.

तीन महिने मी नुसता तोडतच होतो. एक दिवस डोकं फिरलं. म्हणलं, "गिऱ्हाईक काय गेट तोडून आत बघणार हाय का?"

उस्तादांनी मशीन बंद केलं. बाकीच्या पोरांना चहाला धाडलं.
आणि मला निजामाच्या वेळचं सांगितलं.

ते तवा सतरा वर्षांचे. येरमाळ्यात मामाच्या भट्टीवर शिकत होते. मशीन कुठलं तवा? लोखंडाची दोन टोकं पांढरी होईस्तोवर तापवायची आणि घनानं एकजीव करायची. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव अशीच जोडायचे.

रझाकारांची दहशत होती. लोकं निजामाची हद्द ओलांडून बार्शीकडं निघाली होती. शेजारचे नामदेव कारभारी चाक घेऊन आले. बायको दोन जिवांची, एक लहान पोरगी. म्हणाले, आत्ताच्या आत्ता निघायचंय. मामा गावात नव्हते.

कोळसा ओला. लोखंड लाल झालं, पांढरं होईना.
थांबायला पाहिजे होतं. पण कारभारी सारखे रस्त्याकडं बघायले होते.
उस्तादांनी लालवरच घन घातला. वरनं ठोकून गुळगुळीत केलं. धाव चाकावर चढवली, पाणी ओतलं.

बार्शीच्या वाटंवर एका ओढ्यात जोड सुटला. चाक मोडलं.
कारभारणीला चालत जावं लागलं.
ती बार्शीला पोचली न्हाय. पोटातल्या लेकरासकट वाटंतच गेली.

मामा म्हणाले, "तोंड उघडू नको. मुसलमानाच्या पोरानं मुद्दाम केलं म्हणतील. घर जाळतील आपलं."
उस्तादांनी तोंड उघडलं न्हाय. पुढं गाव सोडून लोहाऱ्याला आले. सगळा जन्म गेला, कुणाला सांगितलं न्हाय.

मला म्हणाले, "ती बारकी पोरगी परत येरमाळ्यालाच आलती. अजून हाय म्हणतात. तू जा. सांग, जोड कच्चा होता, घाईत झाला, मुद्दाम न्हाय. माझ्या नावानं माफी माग. म्या जायला पाहिजे. पण पाय उचलत न्हाय रे."

"जातो की उस्ताद. त्यात काय."

गेलो न्हाय.

दोन एसट्या बदलायच्या, एवढंच काम. आज जाऊ, उद्या जाऊ. येरमाळ्याच्या येडाईच्या यात्रेला जाऊ तवा जाऊ.
दोन वर्षं अशीच घालवली. मग व्हिसा आला.

इथं आल्यावर दर फोनला एकच विचारायचे. मी विषय बदलायचो.
तीन महिन्यांपूर्वी लंच ब्रेकमध्ये फोन आला. ऊन, घाम, फोरमनची कटकट. म्हणलं, एकदाचं मिटवून टाकू.

"गेलतो उस्ताद. निघायच्या आधीच. तुम्हाला सांगायचं राहिलं."
"भेटली?"
"भेटली. म्हणाली, लई जुनं झालं, मनात काय न्हाय. माफ केलं."
"नाव काय म्हणाली तिचं?"
मला सुचलं ते सांगितलं. "शांताबाई."
"हां. बरं झालं बेटा. जेव तू."

कधी बेटा म्हणले नव्हते मला. कायम पैलवान.
माझ्या ध्यानात आलं न्हाय. उलट हलकं वाटलं. पोटभर जेवलो.

आज त्यांच्या लेकीशी, रेहानाआपाशी बोललो तवा कळलं.

त्या फोननंतर आठवड्याभरात उस्ताद दवाखान्यात जातो म्हणून निघाले, काठी टेकत. एकटेच येरमाळ्याला गेले.
आपाला नंतर म्हणाले, "त्या पोराला तिचं नाव बी ठावं न्हाय. मलाच जावं लागलं."

तिचं नाव कौसल्या होतं. भट्टीपुढं खेळायची ती. उस्ताद कसे विसरतील?

कौसल्याबाई वारून वर्ष झालं होतं.
उस्तादांनी मला पाठवलं तवा ती जिवंत होती. माझ्या दोन वर्षांच्या आज-उद्यातपण जिवंत होती.

मी आपाला विचारलं, "तिच्या लेकाला तरी सांगितलं का?"
"न्हाय. पाणी पिऊन उठले. म्हणाले, जिची मागायची ती गेली, लेकाला काय मागू."
आले ते अंथरुणावर पडले, ते उठलेच न्हाईत.

त्यानंतर माझे दोन फोन झाले त्यांच्याशी. ह्याबद्दल एका शब्दानं बोलले न्हाईत. हातमोजे घालतोस का, एवढंच विचारलं.

आज दिवस कलताना, असरच्या नमाजानंतर माती हाय. जे लोहाऱ्यात, उमरग्यात असतील त्यांनी जा. माझ्या वाटणीची एक मूठ टाका.

परत मी काम दुसऱ्यावर ढकलतोय, मला कळतंय. पण जा.

आणि न्हाय गेलात, तर गेलतो म्हणून मला सांगू नका.

सलाम, उस्ताद.