खानविलकरांनी बंद केलेली पाच कामं

विश्राम खानविलकर मूळचे चिपळूणचे. हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले तेव्हा पोस्टिंग चंदीगडला होती आणि मुलगी तिथेच कॉलेजात. मग जवळच खरडला फ्लॅट घेतला आणि मोहालीतल्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून लागले. कंपनी कापणीयंत्रांचे सुटे भाग बनवायची.

वेळेच्या बाबतीत खानविलकर कडक. दर सोमवारी ते कामांचा तक्ता पडद्यावर दाखवत. वेळेत असलेलं काम हिरवं, रखडलेलं लाल. चार वर्षांत बारा कामं झाली, त्यात लाल एकच: लीनाचं.

सर्व्हिस विभागातल्या लीनाला डीलरांसाठी सुटे भाग मागवायचं अॅप करायचं होतं. सहा महिन्यांचं काम वीस महिने चाललं, कारण ती सारखी संगरूर-बरनाल्याला जायची, डीलरांचं गाऱ्हाणं ऐकायची आणि परत येऊन केलेलं बदलायची. एकदा भर मीटिंगमध्ये खानविलकर म्हणाले, "लीनाजी, विमान तुमच्या सोयीनं उडत नसतं." सगळे हसले. अॅप कसंबसं सुरू झालं आणि लीनानं राजीनामा दिला.

पुढे कंपनीला नवा गुंतवणूकदार मिळायची वेळ आली. त्याचा एकच प्रश्न होता: या बारा कामांतून कंपनीला काय मिळालं? मालक इंद्रजितसिंगांनी तो खानविलकरांकडे ढकलला. "विश्रामजी, दो दिन का काम है."

तीन आठवडे लागले. अकरा हिरव्या कामांपैकी आठांचा फायदा कुणालाच सांगता येईना. ती करून घेणाऱ्यांनाही नाही. आणि सुट्या भागांची जवळजवळ निम्मी विक्री लीनाच्या अॅपवरून होत होती.

सकाळी चहा घेताना त्यांनी बायकोला, मीनाक्षीताईंना, हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्या मुलीला सांगितलंत का?"

त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या शनिवारी ते चंदीगडच्या सेक्टर बावीसमध्ये गेले. तिथे एका चपलांच्या दुकानावर लीनानं राजीनाम्यानंतर थाटलेलं दोन खोल्यांचं ऑफिस होतं.

"माझं चुकलं," ते उभ्या उभ्याच म्हणाले.

"बसा सर. तुमचा तक्ता चुकीचा नव्हता. काम कधी होणार हे त्यात बरोबर दिसायचं. कशासाठी, हे विचारायला त्यात जागाच नव्हती."

सोमवारी खानविलकरांनी तक्त्यात रकाना वाढवला: 'कशासाठी?' मंगळवारपर्यंत सगळ्यांनी तो भरला. चौदा चालू कामांपुढे चौदा वेळा एकच शब्द होता: 'स्ट्रॅटेजिक'. इंद्रजितसिंग खूश झाले. "देखा? सगळी कामं आपल्या धोरणाला धरूनच आहेत!"

खानविलकर तेवढ्यावर थांबले नाहीत. प्रत्येकाकडे जाऊन त्यांनी विचारलं, "हे उद्या बंद केलं तर कुणाचं अडेल?" पाच कामांच्या बाबतीत माणसं नुसती एकमेकांकडे बघत राहिली. ती पाच त्यांनी थांबवली. ऑफिसभर इमेल पाठवली, तक्त्यातून ओळी काढल्या आणि माणसं अॅपच्या कामाला लावली. इमेलला कुणाचंच उत्तर आलं नाही. महिना गेला, दुसरा गेला. एकाही माणसानं विचारलं नाही.

वार्षिक समारंभात खानविलकरांना बक्षीस मिळालं: सलग दोन महिने एकही काम न रखडल्याबद्दल. थांबवलेलं काम रखडणार तरी कसं? त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माइक हातात घेऊन ते स्वच्छ म्हणाले, "यातली पाच कामं मी बंद केली, म्हणून ती रखडली नाहीत." प्रचंड हशा झाला. फौजी माणूस इतका विनोदी असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

जेवणाच्या वेळी इंद्रजितसिंग प्लेट घेऊन शेजारी आले. "विश्रामजी, मजाक था ना?"

"नाही जी."

"कुठली पाच?"

खानविलकरांनी नावं सांगितली. तिसरं नाव खुद्द मालकांच्या आवडत्या कामाचं होतं: रिसेप्शनमध्ये कंपनीचे सगळे आकडे दाखवणारा भलामोठा पडदा. इंद्रजितसिंगांचा घास हातातच राहिला.

"मग मला कळलं कसं नाही?"

"तेच मला विचारायचं होतं, सर."

इंद्रजितसिंग प्लेट तशीच ठेवून निघून गेले. नोकरी गेली असं धरून खानविलकर घरी आले आणि मीनाक्षीताईही ते शांतपणे धरून चालल्या. पण गुरुवारी सकाळी मालकांची गाडी खरडला सोसायटीच्या फाटकापाशी उभी राहिली. "चलो, संगरूर," इंद्रजितसिंग म्हणाले. "वीस वर्षांत मी डीलरच्या दुकानात पाऊल टाकलेलं नाही."

संगरूरच्या डीलरनं त्यांना ओळखलं नाही. कंपनीची माणसं आहेत एवढं कळल्यावर त्यानं तासभर तक्रारी ऐकवल्या: पट्टे कसे लवकर तुटतात, खोकी कशी फाटतात, ऐन कापणीत फोन कसा कुणी उचलत नाही. मालक मुकाट्यानं लिहून घेत होते. मधेच त्यांचं पेन बंद पडलं. खानविलकरांनी आपलं पुढे केलं.