एरंडेलाची मोटार

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा आमच्या गोठ्यात बैल, म्हैस आणि मोटार एका ओळीत बांधलेली होती. बांधलेली हे मी गमतीनं म्हणत नाही. गोठ्याची जमीन जरा उतरती, आणि मोटार घरंगळत म्हशीच्या अंगावर जाऊ नये म्हणून तिलाही खुंट्याशी दावं लावलेलं होतं. आमच्या मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, ती हैदराबादला परत निघालेल्या एका तालुकदाराकडून मोठ्या हौसेनं घेतली होती. थोडे दिवस मिरवलीही. मग ती ओढ्यात बंद पडली आणि बैलांनी ओढून घरी आणावी लागली. देशमुखांची मोटार बैल ओढतायत हे साऱ्या गावानं पाहिलं, आणि त्या दिवसापासून मामंजींनी तिच्याकडे पाहणंच सोडलं. पुढे तिचं तोंड कोंबड्यांनीच काय ते पाहिलं.

माझं माहेर कडा गावाच्या पलीकडे, नगरकडच्या इंग्रजी मुलखात. तिकडे आमच्या बाया उघड्या तोंडानं बाजाराला जात. इकडे निजामाचं राज्य, त्यातून देशमुखांचं घर, म्हणजे कडक गोषा. मळ्यात जायचं तरी छकड्याला चारी बाजूंनी पडदा. तो पडदा पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात गेला आणि मी ते कधी लपवलंही नाही. त्यामुळे आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, आणि माझं रोज वाजायचं. "तुमच्या नगरकडं सूर्य उगवतो, आन् आमच्याकडं काय दिवटी लावत्यात व्हय?" असं त्या म्हणायच्या. मीही गप्प बसणारी नव्हते.

पण एका गोष्टीत मी त्यांच्या बाजूची होते. आत्याबाईंची धाकटी बहीण घाटावर, पाटोद्याला दिलेली. मी या घरात यायच्या आधी कधीतरी आत्याबाई तिला भेटायला निघाल्या होत्या, तेव्हा घाटातल्या वळणावर छकडं उलटलं आणि त्यांचं कंबरेचं हाड मोडलं. हाड बसलं, पण बैलगाडीचा एक धक्का बसला की त्या कळवळायच्या. तेव्हापासून भेट नाही. बहिणी बहिणी गाडीवानांच्या हाती एकमेकींना पापड आणि निरोप धाडायच्या. त्या वर्षी संक्रांतीला मावशींचा निरोप आला, "अक्का, माझी नजर चाललीय. दिसतंय तंवर येऊन जा."

आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत आणि माझ्याशी भांडल्याही नाहीत. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी मी आमच्या ह्यांना म्हटलं, "गोठ्यातली ती बया चालू करा."

हे जालन्याला शाळेत होते तेव्हा शाळेत कमी आणि तिथल्या मोटारवाल्यांच्या अड्ड्यावर जास्त असत. त्यांचे डोळेच चमकले. अडचण होती ती मामंजींची. त्यांनी मोटारीचं लोखंड गावच्या लोहाराला कबूल केलं होतं. पाडवा झाला की मोडायची आणि बैलगाड्यांच्या चाकांना धावा, म्हणजे लोखंडी पट्ट्या, करायच्या, असं ठरलेलं. लोहार अधूनमधून सुतळी घेऊन यायचा आणि मोटारीला मापं लावून समाधानानं परत जायचा. ह्यांनी विषय काढल्यावर मामंजी म्हणाले, "पाडव्यापस्तोर चालली तर तुमची. न्हाई चालली तर लोहाराची. आन् पुन्हा बैल लावून गावातून वढाल तर याद राखा."

आम्ही तडक कामाला लागलो, पण लागताच थांबलो. मागच्या बैठकीवर एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि आत्याबाई तिला उठवू देईनात. बहिणीला भेटायची घाई त्यांनाच, आणि कोंबडीचा कळवळाही त्यांनाच. आम्ही पुढून सुरुवात केली. ह्यांनी झाकण उघडून इंजिनात डोकं घातलं की कोंबडी मागून कुर्र करायची. ह्यांनाही तिची इतकी सवय झाली की पिल्लं निघाल्यावर ती खाली उतरली त्या दिवशी ह्यांना चुकल्यासारखं झालं.

गंज तर असा की बोट लावावं आणि बोट तांबडं व्हावं. ह्यांना जालन्याहून गंज घासायचा कसलासा कागद मागवायचा होता. आत्याबाई म्हणाल्या, "कावून? चिंच काय मेली व्हय?" आणि गोठ्यात चिंचेचं पातेलं आलं, राख आली, आंबट ताक आलं. घरातल्या साऱ्या बाया पदर खोचून मोटार घासायला बसल्या. गोठा आतल्या चौकात, त्यामुळे गोषाची भीती नाही. मी ह्या घरात इतका गोंगाट कधी ऐकला नव्हता. आम्ही इतकं मन लावून घासलं की गंजाबरोबर रंगही गेला. हे कपाळाला हात लावून बसले. आत्याबाईंनी मात्र लोखंड नवं म्हणून त्यावर नव्या बिडाच्या तव्याला लावतात तसा तेलाचा हात फिरवला, आणि मोटार काळीभोर चकचकीत दिसायला लागली. तेवढ्यावर थांबतील तर त्या आत्याबाई कसल्या? हळदीकुंकवाची बोटंही ओढली.

चाकांच्या आतल्या रबरी ट्यूब उंदरांनी खाल्लेल्या. तलवाड्याच्या सोयऱ्यांकडून आलेला कापूस आणि घरातल्या चिंध्या आम्ही वरच्या रबरात ठासठासून भरल्या आणि फाटलं होतं तिथं दाभणानं शिवलं. मला गोधडीचा टाका छान येतो, तेव्हा डावीकडची चाकं माझी. ब्रेकच्या जागी फक्त गंजाचा भुगा उरला होता. तिथं हे विहिरीवरच्या जुन्या मोटेचं चामडं कापून बसवत होते. आणि इंजिनात घालायचं तेल नव्हतंच, म्हणून बैलगाडीच्या कण्याला घालतात तेच एरंडेल घातलं. जालन्याहून पेट्रोलचे डबे तेवढे आले.

जाम झालेलं इंजिन रॉकेल पाजून सुटलं, पण हँडल मारून काही ते बोलेना. शेवटी ह्यांनी मामंजी बीडला गेलेत असं पाहून जे नको तेच केलं. मोटारीला बैल जोडले. "गावातून न्हाई वढत, मागच्या रानात वढतो," अशी पळवाट. आम्ही बाया चौकाच्या भिंतीवरून चोरून पाहत होतो. बैलांनी ओढलं, मोटार खोकली, परत खोकली आणि एकदम फाटफाट सुरू झाली. बैल उधळले. ओढायचा दोर तुटला आणि बैल पुढे, मोटार त्यांच्या मागे, मोटारीत हे, असा सगळा लवाजमा रानातून गावात शिरला. ब्रेक बसवायचे अजून राहिलेच होते. मोटार पेंढ्यांच्या ढिगात जाऊन थांबली, आणि तो ढीग नेमका लोहाराच्या दारातला. लोहार बाहेर आला. त्याला वाटलं, माल घरपोच आला.

आणि तो वास! जळक्या एरंडेलाचा निळा धूर गावभर पसरला. ज्यांना ज्यांना लहानपणी एरंडेल पाजलेलं होतं, म्हणजे सगळ्या गावाला, त्या वासानं परसाकडची आठवण झाली. पुढे मोटार निघाली की लोक नाकाला फडकं लावून तिच्या मागे पळायचे. मी हसून हसून भिंतीवरच बसले आणि शेजारी आत्याबाई डोळे पुसत होत्या. हसून पुसत होत्या की कशानं, ते त्यांनाच ठाऊक.

पाडव्याच्या आधी मामंजींनी अंगणात मोटारीला फेरी मारताना पाहिलं आणि ते मिशीतल्या मिशीत हसले. दिलेला शब्द त्यांनी पाळला. पाटोद्याला जायला परवानगी दिली, पण स्वतः बरोबर येणार आणि मोटारीला मागे चारी बाजूंनी पडदा. "नख दिसता कामा न्हाई." मी पुटपुटले. आत्याबाईंनी मला चिमटा काढला आणि स्वतः बसून तंबूच्या कापडाचे जाड पडदे शिवले.

निघालो तेव्हा मी इतकी आनंदात होते की त्या अंधाऱ्या खोक्यात बसूनही मला राग आला नाही. कापसाच्या चाकांवर मोटार मऊमऊ उड्या मारत चालली होती. आत्याबाई एकदाही कळवळल्या नाहीत. मांडीवर पापडांचा डबा घट्ट धरून त्या बसल्या होत्या आणि दर थोड्या वेळानं विचारायच्या, "घाट आला का गं?"

घाट आला आणि मोटार बंद पडली. उतरून ढकलली, परत चालू केली, चढाला लागली की परत बंद. ह्यांनी बोनेटवर थाप मारली आणि एकदम आठवल्यासारखे मामंजींना ओरडून म्हणाले, "दादा, उलटी चढवावी लागंल!"

"उलटी म्हंजी?" मामंजी म्हणाले.

ह्यांनी समजावलं. पेट्रोलची टाकी बसायच्या जागेखाली आणि इंजिन पुढे. चढाला इंजिन वर जातं, टाकी खाली राहते, आणि पेट्रोल काही घाट चढत नाही. मोटारीचं तोंड खाली करून मागच्या मागे चढवली की झालं; जालन्याचे मोटारवाले असंच करतात. मोटार वळवली, मागचा गियर टाकला आणि ह्यांनी मान वळवून मागे पाहिलं. मागे काय दिसणार? पडदा!

मामंजी म्हणाले, मी उतरून वाट दाखवतो. त्यांनी आयुष्यभर बैलांना वाट दाखवलेली. मोटारीकडे तोंड करून ते स्वतःच्या उजव्या हाताला उजवं म्हणत होते, मागे वळून बसलेल्या ह्यांचं उजवं नेमकं उलट्या अंगाला, आणि मोटार जिथं जाऊ नये तिथंच जात होती. शिवाय त्यांचं शरीर भारी. दोन वळणांत ते मागे पडले आणि एका धोंड्यावर टेकून धापा टाकायला लागले. मोटार दरीच्या कडेला तिरकी उभी. ब्रेकचं चामडं करकरत होतं. पुढे तेच वळण होतं, छकडं उलटलं होतं ते.

मला पडदा फाडून टाकावासा वाटला. पण माझा हात जायच्या आधी आत्याबाईंचा गेला. त्यांनी पापडांचा डबा माझ्या मांडीवर दिला, मागचा पडदा वर गुंडाळला आणि गुडघ्यांवर बसून बाहेर पाहिलं. उन्हानं डोळे मिचकावले. मग त्यांनी न बघताच मागे ह्यांच्या बाजूच्या पडद्याखालून हात घालून त्यांच्या फेट्याचा पाठीवर सोडलेला शेमला धरला.

"लेका, म्या वढीन तिकडं मागलं तोंड घ्यायचं. चल."

"माय, तुला भेव न्हाई वाटत?"

"लई वाटतंय. चल म्हन्ले ना!"

आणि मोटार चालली. आत्याबाई शेमला कासऱ्यासारखा ओढत होत्या, हे मान वाकडी करून चाक फिरवत होते, एरंडेलाचा धूर दरीत उतरत होता. "हितं पांढरा धोंडा हाय, डाव्या अंगाला. त्याच्या म्होरं खड्डा." तो घाट त्यांनी एकदाच, उलटलेल्या छकड्यातून पाहिला होता, पण त्यांना एकेक धोंडा पाठ होता. ते वळण आलं तेव्हा त्यांनी शेमला असा ओढला की ह्यांची मानच मागे गेली. वळण सरलं. वरून येणारे गाडीवान बैल थांबवून बघत होते. देशमुखीणबाई उघड्या तोंडानं, पदर खांद्यावर, पिकले केस वाऱ्यावर, घाट उलटा चढतायत! खालून मामंजींची आरोळी आली, "पडदा! अहो, पडदा!"

आत्याबाई वळल्याही नाहीत. "पडदा सोडला तर मोटार दरीत जाईल. कंचं पाह्यजे ते सांगा!"

मी तोंडात पदर कोंबून हसत होते आणि रडतही होते.

माथ्यावर आम्ही थांबलो. मामंजी खूप वेळानं चालत आले, घामानं निथळत. आता घरी गेल्यावर माझं काही खरं नाही, असं मी धरूनच चालले होते, कारण ह्या घरातल्या कुठल्याही खोडीचं मूळ शेवटी माझ्या माहेरी निघायचं. त्यांनी गुंडाळलेल्या पडद्याकडे पाहिलं, आत्याबाईंकडे पाहिलं, फेटा काढून घाम पुसला आणि पुढे जाऊन बसले. हे मोटार वळवायला लागले, आता सपाटी होती, सरळ जाता आलं असतं.

"वळवू नको," आत्याबाई म्हणाल्या. "आसंच चल. मला दिसतंय."

ह्यांनी बापाकडे पाहिलं. मामंजी सरून गेलेल्या घाटाकडे बघत म्हणाले, "मायला इचार. वाट तिलाच दिसतीया."

तशीच उलटी, फाटफाट करत, आमची मोटार पाटोद्यात शिरली. मागे पोरं, कुत्री आणि नाकाला फडकं लावलेले लोक. मावशी आवाज ऐकून उंबऱ्यात आल्या होत्या. हाताचा आडोसा कपाळावर धरून, डोळे बारीक करून त्या धुराकडे बघत होत्या. आत्याबाई मागून अर्ध्या बाहेर वाकल्या. मोटार अगदी दाराशी आली. मावशींनी दोन्ही हात पुढे केले, आत्याबाईंचं डोकं धरून जवळ ओढलं आणि डोळ्यांशी नेऊन पाहिलं.

"अक्का," त्या म्हणाल्या, "तुझे केस कवा पिकले गं?"

"दिसले ना तुला?" आत्याबाई म्हणाल्या. "मंग झालं."