सोडून राहिली

सरिताबाई थकली होती, आणि न थकून सांगते कोणाला! आठवडाभर नवा रायपुरातल्या सरकारी कचेरीत मान मोडायची, बस चुकली की त्या रुंद ओसाड रस्त्यावर ताटकळायचं, आणि रविवारी पाय पसरून पडायचं सोडून पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बुद्धविहारात हिंदी बोलणाऱ्या पोरांना ऐकायला शिकवायचं. बोलायला शिकवणारे गल्लोगल्ली सापडतात हो. ऐकायला शिकवणारी ही एकटीच.

पोरांना ती जोडीजोडीने बसवी. एकाने बोलायचं, दुसऱ्याने आधी त्याचंच म्हणणं परत सांगायचं, मगच आपलं तोंड उघडायचं. पण तिने काही सांगितलं की सगळ्यांचा एकच होकार, "हव दीदी," आणि नजर मोबाइलमध्ये. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

त्या रविवारी ती ठरवूनच आली होती, आज शेवटचं. पण सरळ सांगितलं आणि त्यावरही पोरं "हव दीदी" म्हणाली तर? ते मात्र तिला सोसलं नसतं. म्हणून तिने कानगोष्टींचा खेळ मांडला, सगळ्यांना गोल बसवलं आणि शेजारच्या पिंकीच्या कानात आपल्या घरच्या बोलीत सांगितलं, "सरिताबाई वर्ग सोडून राहिली," म्हणजे सोडतेय.

पिंकी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली, मग वळली. वाक्य कानोकानी फिरलं. शेवटचा पोरगा, संघर्ष, उठून ऐटीत म्हणाला, "सरिता दीदी क्लास में ही रह गई!"

टाळ्या पडल्या. सरिताबाईने कपाळाला हात लावला. आपलं 'राहिली' हिंदी कानात शिरलं की 'रह गई' होणारच, हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही? जाते म्हणून सांगायला गेली आणि पोरांनी राहते ऐकलं. सगळी मेहनत मातीत गेली, असं तिला वाटलं.

पोरं पांगली. ती चटया गुंडाळू लागली तेव्हा पिंकी मागेच घुटमळत होती. या पोरीला मराठी सगळं समजे, पण उत्तर नेहमी हिंदीत. आज मात्र अडखळत मराठीत म्हणाली, "मी बराबर ऐकलं होतं, दीदी. 'सोडून' मीच पुढं नाही सांगतलं."

"काहून?"

"मग आमचं कोन ऐकन?"

सरिताबाईचे पाय ठणकत होते. तिने गुंडाळलेली चटई पुन्हा अंथरली.

"बस," ती म्हणाली. "सांग."