उंबऱ्यावरची लिंबं

"आजाराचं आम्हाला काही नाही हो मॅडम. पण या लिंबांचं काय?"

इंदिरानगरातल्या सोसायटीचे चेअरमन आमच्याच हॉलमध्ये बसून मला विचारत होते. शेजारी सेक्रेटरी, घाम पुसत.

मी सोशल वर्कर. मानसिक आजारातून सावरलेल्या, पण घरच्यांकडे राहण्याची सोय नसलेल्या चार बायकांसाठी आम्ही हा फ्लॅट भाड्याने घेतलाय. याला ग्रुप होम म्हणतात. भाडं परवडेल एवढंच. स्वयंपाक त्यांचा त्या करतात, गोळ्या वेळेवर घेतात, आमचं कुणीतरी रोज डोकावून जातं. अ‍ॅग्रीमेंट संपत आलं होतं. कमिटीने एनओसी दिली नाही, तर चौघींची रवानगी परत हॉस्पिटलात.

आणि नेमके अशा वेळी दत्तूभाऊ! चौघींपैकी सुनंदाताईंचे सिन्नरचे धाकटे भाऊ. बहिणीवर फार जीव. दर अमावास्येला येणार आणि भगताकडून मंतरून आणलेली, कुंकू लावलेली लिंबं उंबऱ्यावर मांडून जाणार.

"अहो, गोळ्या चालू आहेत ना? मग हे कशाला?"

"गोळ्या आतून, मॅडम. लिंबू भायेरून. डबल पॉवर हाय."

कपाळावर हात मारायचा, दुसरं काय! शेजाऱ्यांना वाटलं, करणीच. आता चेअरमन सांगत होते, सुनेचा पाय लिंबाला लागला आणि तिला ताप आला.

"अहो, व्हायरल असेल!"

"ते तुम्ही म्हणता."

गृहस्थ इंजिनिअर. खाली त्यांच्या नव्या गाडीच्या बंपरला लिंबू-मिरची लटकत होती. मी राग गिळला.

तेवढ्यात सुनंदाताई सरबत घेऊन आल्या. उन्हाने दोघांचेही जीव कासावीस झालेले. चेअरमननी अर्धा ग्लास एका दमात संपवला.

"वा! फर्स्ट क्लास."

"दत्तूचीच लिंबं हायेत," सुनंदाताई म्हणाल्या. "लय रस असतो. फेकायची कशाला? धुऊन घेते मी."

सेक्रेटरींचा ग्लास ओठांशीच थांबला. गेली एनओसी, मी मनात म्हटलं.

"तुम्ही... हे पिता?" चेअरमननी विचारलं.

"चौघीबी पितो. घ्या साहेब, काय होत नाय. आमचं व्हायचं ते आधीच होऊन गेलंय."

सेक्रेटरी आधी फिस्सकन हसले. मग चेअरमनना ग्लास खाली ठेवणं अवघड झालं. सेक्रेटरीदेखत घाबरायचं कसं? त्यांनी डोळे मिटून उरलेलं संपवलं.

आठवड्याने एनओसी मिळाली. अट एकच: लिंबं उंबऱ्यावर नकोत. दत्तूभाऊ आता ती थेट ओट्यावर ठेवतात.

जनजागृतीच्या स्लाइड दाखवून माझा घसा बसला होता, काम केलं सरबताने. चेअरमनच्या बंपरची लिंबू-मिरची मात्र दर शनिवारी नवी असते. त्यावर आमच्याकडे गोळी नाही.